सुईवर राहिलेले टाके



थंडीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरी पेट्या उघडतात. घोंगड्या, चादरी, मुलांची टोपडी उन्हात पडतात. अशा वेळी पुष्कळ घरांत पेटीच्या अगदी तळाशी एक लहानसे गाठोडे सापडते. सोडून पाहावे तो आत लोकरीचे अर्धवट विणकाम असते. दोन सुया त्यात अजून तशाच खोवलेल्या असतात व सुईवर टाके वाट पाहत असतात. कोठे स्वेटरची पाठ पुरी होऊन पुढचा भाग राहिलेला असतो. कोठे एक पायमोजा तयार असतो आणि त्याच्या जोडीदाराचा पत्ताच नसतो. घरची बाई ते क्षणभर हातात धरते, आणि “पुढे कधी तरी पाहू” असे म्हणून पुन्हा तळाशी ठेवून देते.

त्या एका क्षणी तिच्या मनास जी टोचणी लागते, तिच्याविषयी आज आम्ही चार शब्द लिहिणार आहो. ही टोचणी कसली? हाती घेतलेले काम अर्धे सोडणे हा दोष आहे काय? असल्यास तो कोणाविरुद्ध? आणि नसल्यास मन का टोचते? शिवाय ज्याला आपल्या हातांचा भरवसा वाटत नाही त्याने काय करावे? आधी भरवसा यावा व मग काम करावे, की काम करीत गेल्याने भरवसा येतो? हा प्रश्न केवळ भगिनींचा आहे असे आमच्या उपदेशक बंधूंनी समजू नये. ज्याच्या घरी लोकर नाही त्याच्याही पेटीत असे काही ना काही असतेच.

कोणी म्हणेल, आठवड्याच्या बाजारात तयार स्वेटर स्वस्तात मिळत असता ह्या क्षुल्लक गोष्टीवर एवढा विचार कशाला? परंतु प्रभूने थोडक्यातला विश्वासूपणा हीच पुष्कळातल्या विश्वासूपणाची कसोटी ठरविली आहे. (लूक, अध्याय १६.) शिवाय हे काम क्षुल्लक आहे असे पूर्वीच्या ख्रिस्ती लोकांस वाटले नाही. जर्मनीतील बुक्स्टेहुड गावच्या मठवासी स्त्रियांसाठी सुमारे १४०० साली केलेले वेदीवरचे एक चित्र हांबुर्ग येथील संग्रहालयात आहे. ते बेर्ट्राम नावाच्या चित्रकाराच्या हातचे मानतात. त्यात मरीया चार सुयांवर गोल विणीने एक लहानसा झगा विणीत बसली आहे. जवळ बाळ येशू आहे, आणि देवदूत वधस्तंभ व दुःखसहनाची इतर चिन्हे घेऊन उभे आहेत. ही केवळ चित्रकाराची कल्पना होय. पवित्र शास्त्रात एवढेच सांगितले आहे की, प्रभूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला होता. (योहान, अध्याय १९.) तरी त्या चित्रातला झगा गळ्यापर्यंत आला आहे, थोडेच काम राहिले आहे, हे पाहून विणणाऱ्या प्रत्येक स्त्रीस काही वाटल्याशिवाय राहणार नाही.

आता विणकाम म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. कारण ज्या बंधूंनी सुया कधी हाती धरल्या नाहीत, त्यांस पुढची गोष्ट समजली पाहिजे. विणकामात एकच अखंड धागा असतो. त्याचा एक फासा सुईवर असतो, आणि त्या फाशातून दुसरा फासा ओढून काढावयाचा असतो. ह्यासच टाका म्हणतात. टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. आणि तेही खरे पाहता एकच आहेत, कारण सुलट टाका मागच्या बाजूने पाहिला म्हणजे तोच उलट दिसतो. जिला हे दोन टाके आले तिला विणकामाचा पाया आला. बाकी सर्व नमुने बहुतेक ह्या दोहोंच्या मांडणीतून व टाके वाढविण्या-घटविण्यातून निघतात. मोठ्या माणसाच्या स्वेटरच्या पाठीस ९० टाक्यांची एक ओळ आणि तशा १२० ओळी धरल्या तर १०,८०० टाके होतात. हा आकडा ऐकून नवशिक्या मुलीचा धीर सुटतो. पण दहा हजार टाके एका वेळी कोणीच विणीत नाही. अत्यंत कुशल बाईसुद्धा एका वेळी एकच टाका विणते.

मग काम अर्धे का राहते? लोक म्हणतात, आळसामुळे. हे काही अंशी खरे असेल. तथापि आम्ही पुष्कळ गाठोडी पाहिली आहेत आणि आम्हांस तीन निराळी कारणे दिसून आली. पहिले कारण, नवेपणा सरणे. नवी लोकर, नवा नमुना, तोवर उत्साह असतो. पहिली बाही झाली की दुसरीत नवे काही उरत नाही. तेच टाके, तीच ओळ. म्हणूनच दुसरी बाही व दुसरा पायमोजा हे सर्वांत अधिक वेळा राहून जातात. दुसरे कारण, तुलना. शेजारीण सफाईने विणते, तिचा गळा नीट बसतो, आणि आपला वाकडा येतो. मग आपले काम चारचौघांत काढण्याची लाज वाटते. तिसरे कारण सर्वांत खोल आहे. ते म्हणजे चूक. कोठे तरी एक टाका सुईवरून सुटतो व कोणाच्या ध्यानात येत नाही. तो फासा एकेक ओळ खाली घसरत जातो आणि त्याच्या मागे शिडीसारखी पोकळ रेघ पडते. विणणारीस ते कळते तेव्हा ती पुष्कळ पुढे आलेली असते. मागे जावे तर केलेले काम उसवण्याची भीती, पुढे जावे तर चूक झाकून राहण्याची भीती. तेव्हा ती मागेही जात नाही व पुढेही जात नाही. काम पेटीत जाते.

ह्याविषयी आमचाच एक दोष येथे सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे लिहिण्याचा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंनी एक बिनबाह्यांचा स्वेटर विणून मागितला. त्यांना पहाटेच्या प्रार्थनेस बसण्याची सवय होती व थंडीत छाती भरून येत असे. आम्ही तपकिरी लोकर आणून आनंदाने काम आरंभिले. पाठ झाली. पुढचा भाग गळ्यापर्यंत आला. गळ्यासाठी टाके दोन बाजूंस वाटून घेतले, तो डाव्या बाजूस दोन टाके कमी भरले. शोधून पाहता एक वीतभर खाली शिडी पडलेली दिसली. विणकाम येते म्हणून आमची घरात थोडी कीर्ती होती. चूक झाली असे सांगण्यास जीभ वळेना. “आत्याबाई, लोकर संपली आहे, बाजारातून आणावी लागेल,” असे आम्ही सांगितले आणि काम पेटीत ठेवून दिले. लोकर संपली नव्हती.

त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. दोन हिवाळे त्या जुन्या घोंगडीत बसून प्रार्थना करीत राहिल्या. तिसऱ्या वर्षी थंडी पडण्यापूर्वीच देवाने त्यांस नेले. मागाहून त्यांचे कपडे आवरताना त्यांच्या लुगड्यांच्या घडीत कागदात बांधलेले तपकिरी लोकरीचे दोन गुंडे निघाले. आमचे बोलणे खरे मानून त्यांनी ते आपल्या जवळच्या पैशांतून कोणाकडून तरी आणविले होते. आणि सुनेस घाई केली असे वाटू नये म्हणून तसेच जपून ठेविले होते.

वाचकहो, ह्याहून अधिक आम्ही सांगत नाही. परंतु ज्या प्रश्नाने आरंभ केला त्याचे उत्तर आम्हांस येथे मिळाले. सुईवरचे टाके हे पाप नव्हते. शिडी पडली हेही पाप नव्हते. ती कोणाच्याही हातून पडते. लाजेने आम्हांस खोटे बोलावयास लाविले आणि एका म्हाताऱ्या जिवास थंडीत बसविले, हे पाप होय. म्हणून अपुऱ्या कामांत भेद केला पाहिजे. जे काम आपण केवळ आपल्या हौसेसाठी घेतले ते सोडण्यास आपण मोकळे आहो. जे काम शक्तीबाहेरचे होते ते सोडण्यात नम्रता असू शकते. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूनेच शिकविले आहे. पण जे काम दुसऱ्यास शब्द देऊन घेतले, ते ऋण आहे. ते फेडता येत नसेल तर निदान तसे स्पष्ट सांगणे हे तरी आपल्यावर बंधनकारक आहे.

आता भरवशाच्या प्रश्नाकडे वळू. पवित्र शास्त्रात अर्धे पडलेल्या कामाची एक मोठी कथा आहे. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या यहुद्यांनी यरुशलेमात मंदिराचा पाया घातला. शेजाऱ्यांनी विरोध केला, लोकांचे हात गळाले, आणि काम थांबले ते दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, म्हणजे ख्रिस्तपूर्व ५२० सालापर्यंत थांबले. मध्ये सुमारे पंधरा-सोळा वर्षे गेली. विरोध तर केव्हाच जुना झाला होता. परंतु लोकांस एक वाक्य सापडले होते. मंदिर बांधण्याची वेळ अजून आली नाही, असे ते म्हणत. आमच्या भगिनींचे “पुढे कधी तरी पाहू” ते हेच. हाग्गय संदेष्ट्याने त्यांस जागे केले तेव्हा दुसरी अडचण निघाली. ज्या म्हाताऱ्यांनी शलमोनाचे मंदिर पाहिले होते, त्यांच्या दृष्टीस हे नवे काम काहीच नव्हे असे दिसले. म्हणजे भीती गेली तो तुलना आली.

ह्या लोकांस देवाने काय सांगितले ते लक्षात घ्या. तुमचे काम पहिल्यासारखे उत्तम होईल, तुम्ही मोठे कुशल कारागीर आहा, असे सांगून त्याने त्यांस धीर दिला नाही. धीर धरा, काम करा, मी तुमच्याबरोबर आहे, असा त्या संदेशाचा भाव आहे. जखऱ्या संदेष्ट्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या: अल्प आरंभाचा दिवस कोणी तुच्छ मानू नये, आणि ज्या जरूब्बाबेलाच्या हातांनी पाया घातला त्याचेच हात ते काम पुरे करतील. त्याच भित्र्या, थकलेल्या हातांस देवाने पुन्हा कामास लाविले. साडेचार वर्षांच्या आत मंदिर पुरे झाले.

येथे कोणी विचारील, ‘आत्मविश्वास’ हा शब्द ख्रिस्ती मनुष्यास शोभतो काय? आपला विश्वास देवावर असावा; आपणावर कसा? हा प्रश्न योग्य आहे. माझ्या हातून चूक होणारच नाही असे समजणे हा जर आत्मविश्वास, तर तो गर्व होय; आणि तो पहिली शिडी पडताच मोडतो, जसा आमचा मोडला. परंतु दुसराही एक भरवसा आहे. चूक होईल, ती दिसेल, ती पाहिली म्हणून मी नष्ट होणार नाही, आणि ती दुरुस्त करण्याचा मार्ग आहे. हा भरवसा गर्वातून निघत नाही, क्षमेतून निघतो. ज्याला ठाऊक आहे की देवाने आपणास दोषांसहित ओळखले आणि तरी टाकले नाही, त्याला आपली चूक उजेडात धरून पाहण्याचे धैर्य येते. आम्हांस त्या दिवशी कौशल्य कमी पडले नाही. हे धैर्य कमी पडले. शिडी दुरुस्त करावयास पाऊण तास पुरला असता.

अपुरे काम पुन्हा हाती घेणाऱ्या भगिनींसाठी आमच्या अनुभवाच्या काही गोष्टी येथे देतो. ज्या बंधूंस विणकाम येत नाही, त्यांनीही त्या वाचाव्या.

पहिली गोष्ट: काम उजेडात काढावे. खऱ्या लोकरीस कसरीची अळी लागते. हल्ली बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा कृत्रिम असतो व त्यास कसर लागत नाही. तरी झटकून, थोडे ऊन दाखवून, स्वच्छ हातांनी ते मांडीवर घ्यावे. त्या दिवशी विणू नये. नुसते पाहावे. टाके मोजावे. सुलट बाजूस टाके गव्हाच्या लोंबीसारखे एकावर एक चढलेले दिसतात, उलट बाजूस बारीक दाणे दिसतात. त्यावरून आपण कोणत्या ओळीवर थांबलो होतो ते कळते. जे आहे ते पाहणे हे अर्धे काम होय. आम्ही वर्षानुवर्षे ज्या चुकीला भीत होतो ती प्रत्यक्ष पाहिली तेव्हा बोटभर रुंदीची होती.

दुसरी गोष्ट: लगेच पुढे विणू नये. हात काही वर्षे थांबला म्हणजे त्याची ओढ बदलते. पूर्वी घट्ट विणणारी आता सैल विणील, आणि जुन्या-नव्या कामाच्या सांध्यावर आडवी रेघ दिसेल. म्हणून उरलेल्या लोकरीचा चार बोटे तुकडा आधी विणून पाहावा, आणि जुन्या विणीशी ताडून पाहावा. सुईही तीच हवी. आपल्याकडील जुन्या नंबरांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक; ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड असते तर १० नंबरची सव्वातीन. एवढासा फरकही सबंध अंगावर बोटांच्या मापाने दिसतो. ह्याकरिता एका कामाची सुई काढून दुसऱ्यास लावू नये.

तिसरी गोष्ट: सुटलेला टाका. त्यासाठी सर्व काम उसवावे लागते अशी नवशिक्यांची समजूत असते. तसे नाही. क्रोशाची सुई घ्यावी, खाली घसरलेला फासा तिच्यात अडकवावा, आणि शिडीची एकेक पायरी त्या फाशातून ओढून वर आणावी. धागा कोठेही तुटलेला नसतो. तो केवळ सुटलेला असतो. जितक्या ओळी खाली गेला तितक्याच पायऱ्यांनी तो वर येतो. नंतर धुऊन वाळविले की जागा शोधूनही सापडत नाही.

चौथी गोष्ट: अवघड जागेच्या आधी आधाराचा दोरा घालावा. मुंढा किंवा गळा सुरू करण्यापूर्वी निराळ्या रंगाचा एक बारीक दोरा शिवणाच्या सुईने त्या ओळीच्या सर्व फाशांतून ओवून ठेवावा. पुढे चूक झाली व उसवावे लागले, तर काम त्या दोऱ्यापर्यंतच उसवते. त्याच्या खाली एकही टाका सुटत नाही. आम्ही हा उपाय शिकलो तेव्हापासून आमची भीती निम्मी झाली. चुका कमी झाल्या असे नव्हे. चुकीस सीमा पडली.

पाचवी गोष्ट: थोडे ठरवावे व ते करावे. रोज चार ओळी, एवढेच. महिन्याच्या ३० दिवसांत १२० ओळी होतात, म्हणजे एक सबंध पाठ. पौलाने करिंथच्या मंडळीस जो सल्ला दिला तो येथे फार उपयोगी आहे. यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी जमविण्यास त्या मंडळीने मागच्या वर्षी मोठ्या उत्साहाने आरंभ केला आणि ती तशीच राहिली. पौलाने त्यांस दोष देत बसण्यापेक्षा तीताला त्यांजकडे पाठविण्याचे ठरविले, आणि लिहिले की, ज्या उत्सुकतेने आरंभ केला तिला शोभेल अशी पूर्तताही करा. आणि ती आपणाजवळ जे आहे त्या मानाने करा, जे नाही त्या मानाने नव्हे. (२ करिंथ, अध्याय ८.) ज्या बहिणीस साधी सुलट-उलट वीण येते तिने तिनेच काम पुरे करावे, शेजारणीच्या जाळीदार नमुन्याची वाट पाहू नये.

मग प्रत्येक अपुरे काम पुरे केलेच पाहिजे काय? नाही. ज्या बाळासाठी टोपडे आरंभिले ते बाळ आता शाळेत जाते. ते टोपडे पुरे करून कोणाच्या डोक्यास येणार? अशा वेळी उसवणे हेच शहाणपण. आणि उसवणे म्हणजे नाश नव्हे, हे विणकामाचे मोठे वैशिष्ट्य आहे. शिंप्याने कापड कापले की ते पुन्हा सबंध होत नाही. पण विणलेल्या कामाचे टोक ओढले की धागा जसाच्या तसा हाती येतो. त्यास वळ पडलेले असतात. त्याची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगावी. वाळली म्हणजे वळ बहुतेक निघून जातात आणि त्याच लोकरीचे दुसरे वस्त्र होते. पश्चात्तापाविषयी आम्ही पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, परंतु ओल्या लडीसारखा उपदेश थोडाच ऐकला असेल. मात्र एक अट आहे. उसवायचे तर उसवावे, विणायचे तर विणावे. पेटीत तसेच ठेवणे हे दोहोंपैकी काहीच नव्हे.

आणि जेथे आरंभ करणाराच निघून गेला तेथे काय? मराठी ख्रिस्ती मंडळीस ह्याचे उत्तर आपल्याच घरात मिळाले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते पुरे कोणी केले? कोणा पदवीधर पंडिताने नव्हे. लक्ष्मीबाईंनी केले, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या आणि ज्यांस लग्नानंतर अक्षरओळख झाली. टिळकांची प्रतिभा आपणाजवळ नाही हे त्यांस ठाऊक नव्हते काय? होते. तरी त्यांनी आपणाजवळ होते त्या मानाने अध्यायामागून अध्याय रचला आणि काव्य शेवटास नेले. पुढे १९३६ साली त्या स्वतः गेल्या तेव्हा त्यांची ‘स्मृतिचित्रे’ अपुरी होती. त्यांचा शेवटचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त ह्यांनी लिहिला. एकाच्या सुईवर राहिलेले टाके दुसऱ्याने उचलले. ह्यात मरणाऱ्यास उणेपणा नाही आणि उचलणाऱ्यास लाज नाही.

आमच्या तपकिरी स्वेटरचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही तो बाहेर काढला. शिडी वर आणली, दोन टाके भरून आले, गळा पुरा केला. आमची उरलेली लोकर डाव्या खांद्याशी संपली, तेव्हा सासूबाईंनी आणविलेले गुंडे सोडले. निरनिराळ्या वेळी रंगविलेली लोकर एकाच रंगाची म्हणून विकत घेतली तरी छटा क्वचितच जुळते. तशी तीही जुळली नाही. खांद्यावर जेथे त्यांची लोकर लागली तेथे थोडी गडद रेघ आहे. आम्ही ती तशीच राहू दिली. आमच्या मंडळीत एक वृद्ध विधवा बाई आहेत. रविवारी त्या सर्वांच्या आधी येऊन बसतात. त्यांना तो दिला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवून विचारले, “बाई, ही कशाची खूण?” ह्या वेळी आम्ही खरे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “म्हणजे हा तुमच्या सासूबाईंनीही दिला म्हणा की.”

ह्या कृत्याने आमचे ऋण फिटले असे आम्ही समजत नाही. ज्यांना तो द्यावयाचा होता त्यांना तो मिळाला नाही, आणि कितीही विणले तरी ते दोन हिवाळे परत येणार नाहीत. त्याविषयी आम्ही देवाजवळ क्षमा मागितली आहे. ती ख्रिस्ताच्या पुण्याईने मिळते, आमच्या विणकामाने नव्हे. परंतु क्षमा मिळालेल्या मनुष्याचे हात रिकामे राहू नयेत. यापो येथील दुर्कस मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्रास तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखविली. (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९.) त्या स्त्रियांच्या हाती पुरी झालेली वस्त्रे होती. तिच्याही घरी एखादे अपुरे राहिले असेल; ते कोणी तरी पुढे शिवले असेल अशी आशा आम्ही करतो.

तेव्हा प्रिय बंधूंनो व भगिनींनो, ह्या आठवड्यात आपापली पेटी उघडा. ज्या उपदेशक बंधूने रात्रीची शाळा आरंभून पावसाळ्यात बंद केली आणि पुन्हा उघडली नाही, ज्या भावाने रुसलेल्या भावाकडे समेटासाठी अर्धी वाट जाऊन पाय मागे घेतला, ज्या बहिणीने आजाऱ्यास “उद्या येते” असे सांगून किती तरी उद्या घालविले, त्यांचेही टाके सुईवर आहेत. काम बाहेर काढा. चूक उजेडात पाहा. ज्याला शब्द दिला तो जिवंत असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन खरे काय ते सांगा. मग एक टाका विणा. दहा हजारांची चिंता करू नका. ज्याने आपल्या ठायी चांगले काम आरंभिले, तो ते पेटीच्या तळाशी टाकून देणारा नव्हे. आणि ज्याच्यावर एवढा भरवसा ठेविता येतो, त्याच्यासमोर आपले वाकडे टाके घेऊन बसण्यास कोणास भीती वाटू नये.